शफरीची कैफियत

संस्कृत सुभाषितकारांच्या हातून ज्या मुक्या प्राण्यांची अपकीर्ती झाली, त्यांची यादी कोणी करावयास घेतली तर कावळा, बगळा आणि गाढव यांच्या मागोमाग शफरीचे नाव त्याला घालावे लागेल. शफरी म्हणजे ओढ्यातळ्यांत थव्याने हिंडणारी बोटभर लांबीची चपळ मासळी. अमरकोशात तिला प्रोष्ठी असा पर्याय दिला आहे. कालिदासाने मेघदूतात गंभीरा नदीचे कटाक्ष म्हणून तिच्या उसळ्यांचा गौरव केला, एवढेच काय ते तिचे भाग्य. एरवी तिची प्रसिद्धी थिल्लरपणाबद्दल. अथांग डोहातला रोहित मासा गंभीर असतो आणि शफरी मात्र चूळभर पाण्यात फडफड करते, अशा भावार्थाचे एक सुभाषित शाळेत संस्कृत घेतलेल्या बहुतेकांच्या कानांवरून गेलेले असते. आणि चार बुके वाचून चढून गेलेल्या मनुष्याला शालजोडीतला देण्यासाठी त्याचा उपयोग आजही होतो. आपल्या मराठीत ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ म्हणतात. त्यात निदान दोष पाण्याला दिलेला आहे. संस्कृतात तो माशाच्या माथी मारला आहे.

आम्ही चौतीस वर्षे मुलांना संस्कृत शिकविण्यात घालविली आणि निवृत्तीनंतरची काही वर्षे एका काचेच्या पेटीसमोर बसण्यात. या दोन्ही अधिकारांच्या बळावर शफरीची बाजू वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्याकडे जी मासळी आहे तिला बाजारात ‘रोझी बार्ब’ म्हणतात. शफरी हे नाव पंडित लोक सामान्यतः ज्या लहान मासळीला लावतात, तिच्याच भाऊबंदांपैकी ही. बंगालात या भाऊबंदांना पुंटी म्हणतात आणि आमच्या मासळीला कांचन पुंटी. हे नाव युरोपात कसे गेले त्याची हकीकत मौजेची आहे. फ्रान्सिस बुकॅनन नावाचे एक स्कॉटिश वैद्य ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत होते. पुढे त्यांनी हॅमिल्टन हे आडनाव धारण केले. गंगा व तिच्या शाखा यांतील माशांवर त्यांनी लिहिलेला ग्रंथ १८२२ साली एडिंबरो येथे प्रसिद्ध झाला. या गृहस्थांचा मोठेपणा असा की, कोळ्यांच्या तोंडची देशी नावे त्यांनी टाकून दिली नाहीत; त्यांनाच लॅटिनचा अंगरखा चढविला. पुंटीचे ‘पुंटिअस’ झाले. बंगाली मनुष्य ‘अ’चा उच्चार ‘ओ’सारखा करतो, त्यामुळे ‘कांचन’चे ‘कोंचोन’ आणि त्याचे ‘कोंकोनिअस’ झाले. त्यांच्याच ग्रंथातील दुसऱ्या एका पुंटीचे नाव ‘सोफोरे’ असे आहे. ते मोठ्याने म्हटले की आमच्या कानाला शफरीच ऐकू येते. जगातील कोणत्याही देशाच्या प्राणिशास्त्रज्ञाने या मासळीचे नाव घेतले की त्याच्या तोंडून नकळत आपला ‘कांचन’ शब्द बाहेर पडतो, याचा संस्कृतच्या मास्तराला आनंद वाटावा यात नवल नाही.

‘बार्ब’ या इंग्रजी नावाचे मूळ मात्र लॅटिनमधील दाढी या अर्थाच्या शब्दात आहे. या कुळातील कित्येक माशांच्या ओठांशी मिशांसारखे धागे असतात, त्यावरून ते पडले. आमच्या कांचन पुंटीला दाढीही नाही आणि मिशीही नाही. नुसते आडनाव चालत आले आहे. पुढे पुंटिअस हे घराणे फारच विस्तारले, तेव्हा २०१२ साली श्रीलंकेतील संशोधकांनी त्याची वाटणी करून हिला ‘पेथिया’ या नव्या घरात नेले. पेथिया हा सिंहली भाषेतील लहान मासळीचा शब्द. बंगाली नाव, सिंहली घर आणि लॅटिनी थाट, असा हा संसार आहे.

ही मासळी आमच्या घरी आली २०१९ साली, आमच्या पुतण्यामुळे. तेव्हा आम्ही दोघे बंधू, दोन्ही कुटुंबे, मुले, सुना, नातवंडे आणि नव्वदीला टेकलेली आमची आई, असे सारे सदाशिव पेठेत एकत्र राहत होतो. घर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. पुतण्याने मासे आणण्याचा बेत जेवणाच्या पंगतीत सांगितला तेव्हा आमच्या धाकट्या भावजयीने त्याच्या पानात वाढायला घेतलेला भात तसाच पळीत धरून ठेवला. मासे खाण्याचे नसून पाहण्याचे आहेत, हे कळल्यावर भात पानात पडला. परंतु आईचे समाधान झाले नाही. तिचा आक्षेप सोवळ्याओवळ्याचा नव्हता. ती म्हणाली, “मनूने मासा घागरीत ठेवला, तो वाढला तेव्हा खड्ड्यात ठेवला, आणखी वाढला तेव्हा समुद्रात नेऊन सोडला. तुम्ही नेऊन कुठे सोडणार?”

ही कथा शतपथ ब्राह्मणात आहे आणि पुराणांतूनही आली आहे. आईने ती कीर्तनात ऐकलेली. मत्स्यपालनाविषयी आम्ही पुढे पुष्कळ वाचले, परंतु इतका नेमका प्रश्न कोठे आढळला नाही. सोडणार कोठे, याचे खरे उत्तर ‘कोठेही नाही’ असेच आहे. दुकानांतून मिळणारी कांचन पुंटी नदीतून धरलेली नसते. ती बहुधा शेततळ्यांतून पैदास केलेली असते आणि तिच्या कित्येक पिढ्यांनी नदी पाहिलेली नसते. अशी मासळी दयाबुद्धीने मुळामुठेत सोडणे ही दया नव्हे. एक तर ती मरेल, नाहीतर जगून तेथील मूळच्या माशांच्या तोंडचा घास काढील. आणि पेटीतला एखादा रोग सोबत नेला तर तो निराळाच. या मासळीने परदेशांत कित्येक ठिकाणी अशा रीतीने ठाणी बसविली आहेत. तेव्हा आणलेला मासा शेवटपर्यंत सांभाळणे एवढाच मार्ग उरतो. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “मग घागर तरी मोठी आणा.”

सह्याद्रीतला एखादा सुंदर मासा आणावा, अशीही एक सूचना घरात निघाली होती. केरळ व कर्नाटकाच्या घाटांतील ओढ्यांत तांबडा पट्टा असलेला एक देखणा बार्ब आहे. १८६५ साली फ्रान्सिस डे यांनी मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचे नाव त्याला दिले, आणि २०१३ साली संशोधकांनी त्याच्या घराण्याचे नाव ‘सह्याद्रिया’ ठेवले. परंतु गेल्या शतकाच्या अखेरीपासून परदेशी हौसेपायी तो ओढ्यांतून इतका उपसला गेला की, आज तो संकटग्रस्त प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. आपल्या डोंगराच्या नावाचा मासा आपल्याच दिवाणखान्यासाठी डोंगरातून काढून आणणे कोणालाच रुचले नाही. कांचन पुंटी तळ्यांत सहज निपजते. शिवाय ती उत्तर हिंदुस्थानची असल्याने तिला थंडी मानवते. अठरा ते बावीस अंश उष्णतामान तिला उत्तम. त्यामुळे पुण्याच्या हिवाळ्यात विजेच्या तापकाचा खर्च नाही. काळजी घ्यावयाची ती उन्हाळ्यात. पाणी तापले की त्यातील प्राणवायू कमी होतो आणि मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागतात. तेव्हा झाकणाच्या जागी बारीक जाळी घालून पाण्यावर पंख्याचा वारा सोडावा. पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेले निवते. माठाचे पाणी ज्या नियमाने गार होते तोच हा नियम. जाळी मात्र विसरू नये. कालिदासाने वर्णिलेली उसळी ही मासळी खरोखरच मारते, आणि खाली गंभीरा नदी नसून शहाबादी फरशी असते.

घागर मोठी आली. तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच. तीत शंभर लिटरांहून थोडे अधिक पाणी मावते. नुसत्या पाण्याचेच वजन शंभर किलोंच्या वर जाते, म्हणून ती भिंतीलगत भक्कम लोखंडी घडवंचीवर ठेविली. पेटी आली त्या दिवशी मासे मात्र आले नाहीत, आणि मुलांचा विरस झाला. पुतण्याने त्यांना सांगितले, “आधी पाणी लागू दे.”

हे पाणी ‘लागणे’ हीच या विद्येची गुरुकिल्ली आहे, आणि आमच्या वाचक भगिनींना ती समजण्यास एक क्षणही लागणार नाही. मासा जे खातो त्यातून अमोनिया हे विष तयार होते आणि ते मुख्यतः त्याच्या कल्ल्यांवाटे पाण्यात उतरते. नदीत ते वाहून जाते. पेटीत ते साचते. डोळ्यांना दिसत नाही. पाणी स्फटिकासारखे स्वच्छ दिसत असतानाच मासे मरतात. यावर उपाय निसर्गानेच केला आहे. एका प्रकारचे सूक्ष्म जंतू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही विषच. दुसऱ्या प्रकारचे जंतू त्याचे नायट्रेट करतात. ते पुष्कळ सौम्य असते, आणि पाणवनस्पती त्याचा खत म्हणून उपयोग करतात. हे जंतू वाळूत आणि गाळणीच्या स्पंजात वस्ती करतात. परंतु ही वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. मात्र ओळखीच्या कोणाकडे चालती पेटी असेल, तर तिच्यातील जुन्या स्पंजाचा तुकडा आणून नव्या पेटीत ठेवला की हा काळ बराच कमी होतो. आमच्या सौभाग्यवतींनी हे ऐकले आणि म्हटले, “म्हणजे विरजणच की!” मत्स्यशास्त्रावरील कोणत्याही ग्रंथात याहून चांगली व्याख्या आम्हांस मिळाली नाही. दूध चांगले असून भागत नाही. विरजण लागते, उबेत ठेवावे लागते, आणि मध्येच भांडे हलवून चालत नाही.

विरजण मोडू नये म्हणून जे नियम पाळावे लागतात तेही घरगुतीच आहेत. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते जंतू मारण्यासाठीच घातलेले असल्याने आपल्या उपयोगी जंतूंसही मारते आणि माशांच्या कल्ल्यांसही बाधते. म्हणून पाणी पसरट तोंडाच्या भांड्यांत एक दिवस उघडे ठेवावे, मग घालावे. आठवड्यातून एकदा पेटीतील चौथा हिस्सा पाणी, म्हणजे सुमारे दोन बादल्या, नळीने तळापासून ओढून काढावे आणि तितकेच शिळे पाणी भरावे. सगळे पाणी एकदम बदलू नये. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा. काढलेले पाणी तुळशीस आणि कुंड्यांस घालावे. त्यांना ते मानवते. ही रविवारची दोन बादल्यांची सेवा बंधूंच्या नातीने, वयाच्या सातव्या वर्षी, आपण होऊन अंगावर घेतली. पेटी आणली पुतण्याने, पण चालविली तिने.

याच सुमारास शेजारच्या एका सद्‌गृहस्थांनी दोन कांचन पुंट्या आणून वाटोळ्या काचेच्या हंडीत ठेवल्या. हंडीत चार तांबेही पाणी मावत नसेल. गाळणी नाही, वनस्पती नाही, आडोसा नाही. त्या दोन मासळ्या दिवसभर काचेवर धडका देत, एकमेकींच्या अंगावर जात, पाण्याबाहेर उसळत. आठ दिवसांत दोन्ही मेल्या. गृहस्थ म्हणाले, “फारच चंचल जात हो!” त्याच वेळी आमच्या पेटीत त्याच दुकानातून आणलेल्या त्याच जातीच्या सात मासळ्या वनस्पतींतून अशा संथपणे फिरत होत्या की, आई त्यांना ‘प्रदक्षिणा घालताहेत’ म्हणे.

त्या हंडीपुढे उभे असताना सुभाषितातील ‘चूळभर पाणी’ आमच्या ध्यानात आले. कवीचे निरीक्षण अचूक आहे. चूळभर पाण्यात शफरी फडफडतेच. परंतु ते तिच्या स्वभावाचे वर्णन नव्हे, तिच्या पाण्याचे वर्णन आहे. रोहिताला अथांग डोह दिला आणि शफरीला चूळ दिली, आणि मग दोघांच्या गांभीर्याची तुलना केली! रोहिताला त्या चुळीत ठेवून पाहिले असते तर काय दिसले असते? वर्गात चुळबुळ करणाऱ्या मुलांविषयी शिक्षकांच्या खोलीत जे बोलले जाते ते आम्ही चौतीस वर्षे ऐकले आहे. त्यातील एखादा मुलगा पुढे चांगल्या घरात, चांगल्या सोबतीत भेटला म्हणजे तो हाच काय, असा प्रश्न पडे. कोणाच्या स्वभावाचा निर्णय करण्यापूर्वी त्याचे पाणी किती आहे, हे आधी पाहावे.

पाण्याइतकीच तिला दुसरी एक गोष्ट लागते, ती म्हणजे गोतावळा. ही थव्याने राहणारी जात. एकटीदुकटी ठेवली तर भेदरते, कोपऱ्यात दडते किंवा दुसऱ्यांचे पर कुरतडते. सहाच्या वर संख्या झाली की तिचे चित्त स्थिर होते. नर एक आणि माद्या दोन असे प्रमाण असले तर उत्तम. आमच्याकडे तीन नर आणि चार माद्या होत्या. मादीचा रंग सोनेरी, शेपटीजवळ एक काळा ठिपका. नर एरवी फिकट. परंतु दुसरा नर समोर आला की पर पसरून त्याच्याभोवती फिरू लागतो आणि अंगावर डाळिंबी रंग चढतो. या झुंजीत कोणी जखमी होत नाही. श्रावणातल्या भेंड्या लावण्यासारखा तो प्रकार आहे. एकटा नर असा रंगत नाही. ज्याला पाहावयास कोणी नाही त्याने नटावे कोणासाठी?

थव्याचा उपयोग केवळ शोभेचा नाही. मधमाश्यांच्या नाचाचा अर्थ लावल्याबद्दल प्रसिद्ध असलेले कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ साली याच कुळातील ‘मिनो’ नावाच्या लहान माशांत एक शोध लावला. एखाद्या माशाची कातडी फाटली की तिच्यातून असे एक द्रव्य पाण्यात मिसळते की, त्याचा वास येताच बाकीचे मासे सावध होऊन एकत्र येतात किंवा दडतात. एकाला लागले की साऱ्यांना कळते. एकत्र कुटुंबात वाढलेल्या वाचकांस याचे प्रमाण निराळे देण्याची गरज नाही.

खाण्याच्या बाबतीत एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. या कुळातील माशांना जठर नसते. अन्न घशातील दातांनी दळून सरळ आतड्यात जाते. पोट नाही, म्हणून पोट भरल्याची जाणीवही फार नाही. समोर येईल ते खातात. सबब दाणे अगदी थोडे, दोन मिनिटांत संपतील इतकेच, दिवसातून दोनदा टाकावेत. डासांच्या अळ्या त्यांना फार प्रिय. वाफवून सोललेला मटार आणि पालकाचे पानही आवडते. शेवाळ त्या स्वतःच खुडून खातात. घरात मुले पुष्कळ असली की प्रत्येकजण प्रेमाने चिमूटभर टाकतो आणि पाणी नासते. म्हणून आमच्याकडे दाण्यांचा डबा आईच्या ताब्यात असे. जी पेटीच्या विरुद्ध होती तिच्याच हाती किल्ली गेली. रोज सकाळी पूजा झाली की ती पेटीजवळ येऊन, डोळे बारीक करून मोजी आणि “सातही आहेत” असे मोठ्याने सांगे. आम्ही लहान असताना रात्री अंथरुणे पडल्यावर ती याच आवाजात आम्हां भावंडांना मोजीत असे.

२०२२ साली धाकट्या बंधूंनी कोथरूडास वेगळे बिऱ्हाड करण्याचे ठरविले. भांडण झाले नाही. मुले मोठी झाली, सुनांच्या नोकऱ्या त्या बाजूस, जागा अपुरी. कारणे सर्वांना पटण्यासारखी होती, आणि पटूनही कोणी नीट जेवत नव्हते. भांडी, पुस्तके, कपाटे यांची वाटणी एका दुपारी झाली. राहिली पेटी. मुलांनी आपसांत हिशेब केला होता: सात मासे, चार तुमचे, तीन आमचे. आमचा नातू आणि बंधूंची नात एक जाळी आणि दोन पातेली घेऊन पेटीसमोर उभी राहिली. नात रडत नव्हती. ती नुसती कोणते तीन ते पाहत होती.

धर्मशास्त्रात अविभाज्य वस्तूंचे एक प्रकरण आहे. मनूने ज्या गोष्टींची वाटणी होत नाही म्हणून सांगितल्या त्यांत उदक आहे. मिताक्षरेत विज्ञानेश्वर त्याचा अर्थ विहिरीसारखा पाण्याचा साठा असा करतात, आणि सांगतात की, विहीर मोल करून वाटावयाची नाही. सर्वांनी ती पाळीपाळीने वापरावी. सातांतून तीन काढले तर तीनही जगणे कठीण आणि उरलेल्या चारांचाही थवा मोडणार, हे आम्ही मुलांना समजावून सांगण्यासाठी तोंड उघडले होते. मिताक्षराही जिभेवर होती. परंतु तेवढ्यात आई आपल्या खुर्चीवरून म्हणाली, “त्यांची वाटणी करायची नाही. सातही जातील, नाहीतर सातही राहतील.” आणि थोडे थांबून म्हणाली, “जी पाणी भरते, तिच्याकडे जातील.”

त्याप्रमाणे झाले. आदल्या दिवशी मासे उपाशी ठेवले. दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से हवा ठेवून त्यांत ते घातले, वर काळे फडके गुंडाळले, कारण अंधारात मासे शांत राहतात. गाळणीचा स्पंज त्याच पाण्याच्या डब्यात ओला ठेवला. पेटीतले अर्धे पाणीही डबे भरून नेले. सदाशिव पेठ ते कोथरूड हे अंतर रिक्षाने फार नाही. परंतु नातीने पिशव्या मांडीवर घेऊन रिक्षावाल्यास इतक्या सावकाश नेले की, तिची आई म्हणाली, पालखीच चालली आहे. सातही सुखरूप पोचले. आमच्या दिवाणखान्यात घडवंची तेवढी राहिली. तिच्यावर काहीबाही ठेवण्याचा सुनेने दोनदा प्रयत्न केला. आईने दोन्ही वेळा ते उचलविले.

पुढच्या वर्षी, थंडी ओसरत असताना, कोथरूडच्या पेटीत नर पहाटेच्या उन्हात माद्यांच्या मागे लागलेले नातीला दिसले. ही मासळी शेवाळासारख्या बारीक वनस्पतीत एकाच वेळी शेकडो अंडी सांडते आणि मागे वळून तीच खाऊ लागते. म्हणून नातीने आधीच एका लहान पेटीत शेवाळाचा गुंता घालून ठेवला होता. एक नर आणि दोन माद्या तीत सोडल्या आणि अंडी पडताच तिघांना काढून घेतले. दीड दिवसात पिल्ले फुटली. पहिले काही दिवस ती केसासारखी काचेला चिकटून होती. मग पोहू लागली. हिरव्या पाण्यातील सूक्ष्म जीव, पुढे बारीक कुटलेले दाणे, असे करीत बरीचशी जगविली. त्यांतील आठ, बोटाच्या दोन पेरांएवढी झाल्यावर, ती एका रविवारी आमच्याकडे घेऊन आली. दुसऱ्या हातात पाण्याने भरलेला एक डबा होता. त्यात स्पंजाचा अर्धा तुकडा होता.

“मोठ्या आजोबा, विरजण आणलंय,” ती म्हणाली.

आमच्या घडवंचीवर नवी पेटी चढली. स्पंज तोच असल्याने पाणी लवकर लागले. पाणी लागेतो आठही पिल्ले आणखी काही दिवस मागे कोथरूडास राहिली, कारण घाई करावयाची नाही हे नातीने आम्हांस बजावले होते. आई तेव्हा फारशी उठत नसे. पेटी तिच्या कॉटवरून दिसेल अशी फिरवून ठेविली. आठ हा आकडा तिला प्रथम पटला नाही. ती सातच मोजी आणि आठवा वनस्पतीमागून आला की हसे. २०२४ सालच्या पावसाळ्यात ती गेली. तिच्या मागे दाण्यांचा डबा आमच्या सौभाग्यवतींकडे आला.

या मासळीचे आयुष्य साधारण पाच वर्षांचे. कोथरूडच्या मूळ सातांपैकी आता कोणी उरले नाही; तेथे त्यांची मुले आणि नातवंडे आहेत, आणि आमच्याकडे ती आठ पिल्ले म्हातारी होऊ लागली आहेत. दोन्ही घरी वस्तुतः एकच पाणी आहे असे म्हणावयास हरकत नाही. दर रविवारी सकाळी बंधूंचा फोन येतो. प्रकृती, नोकऱ्या, मुलांच्या परीक्षा यांची विचारपूस नंतर होते. पहिला प्रश्न ठरलेला असतो: “दादा, पाणी बदललं का?” आणि आम्ही त्यांना दोन बादल्यांचा हिशेब देतो.